विकर आणि विकार

मराठीच्या अध्यापकाकडे गाव लेखनिकाची कामे घेऊन येते. लग्नपत्रिकेचा मजकूर, सेवानिवृत्तांचे मानपत्र, तेराव्याच्या निमंत्रणातील शुद्धलेखन, क्वचित एखाद्या नगरसेवकाचे निवेदन. आम्ही दोघे सोलापुरात एकाच महाविद्यालयात एकच विषय शिकवतो आणि एकाच घरात राहतो, त्यामुळे ही कामे आमच्याकडे दुहेरी येतात. तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वी वाणिज्य विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जो कागद आणून दिला, तो यांपैकी कोणत्याच प्रकारात बसणारा नव्हता. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेले ते अर्ध्या पानाचे इंग्रजी टिपण होते आणि त्यांना ते मराठीत हवे होते. "पाकिटात ठेवायचे आहे," सर म्हणाले, "वाचणारा माणूस घाईत असणार, हे धरून लिहा." भाषांतराविषयी इतकी नेमकी सूचना आम्हांला एम.ए.च्या वर्गातही कोणी दिली नव्हती.

हकीकत अशी. एका रात्री सरांच्या पोटात कळ आली. अपेंडिक्स होते आणि शस्त्रक्रिया तातडीने करणे भाग होते. जेवण होऊन फार वेळ झालेला नव्हता. अशा वेळी पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून भूलतज्ज्ञांना घशात नळी झटपट घालावी लागते, आणि त्यासाठी शरीराचे सगळे स्नायू मिनिटभरात सैल करणारे औषध देतात. त्याचे नाव सक्सिनिलकोलीन. शस्त्रक्रियागृहातले बोलीतले नाव स्कोलीन. त्याचा गुण हा की ते झटकन चढते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते. शस्त्रक्रिया पाऊण तासात आटोपली, भूल उतरवण्यात आली, पण सरांचा श्वास सुरू होईना. भूलतज्ज्ञ जाणत्या होत्या. त्यांनी यंत्राने श्वास चालूच ठेवला, झोपेचे औषध पुन्हा सुरू केले आणि वाट पाहिली. साडेपाच तासांनी सरांचा हात हलला.

मधली काही मिनिटे मात्र, म्हणजे झोप उतरल्यापासून ती पुन्हा लागेपर्यंतची, सर जागे होते. त्यांना ऐकू येत होते. कोणीतरी किती वाजले ते विचारले, कोणीतरी स्टीलचा ट्रे ठेवला. डोळे उघडता येत नव्हते. "मी करंगळीला हल म्हणून सांगत होतो," ते म्हणाले. "माणूस लांबून हाक मारतो तसे सांगत होतो. निरोप पोहोचतच नसावा."

निरोप पोहोचत होता. घोटाळा कोठे होता हे कळण्यासाठी आम्हां दोघा मराठीवाल्यांना बारावीनंतर प्रथमच जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याप्रमाणे बसावे लागले. विज्ञान शाखेतल्या सहकारी बाईंनी फळ्यावर मज्जातंतूचे टोक काढले, त्याच्यासमोर स्नायू काढला आणि दोहोंमध्ये एक बारीक फट ठेवली. या फटीतून वीज उडी मारून जात नाही. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, फट ओलांडते, स्नायूवरच्या ग्राहकाला चिकटते आणि स्नायू आकसतो. पुढचा निरोप ऐकू यावा म्हणून आधीचा पुसावा लागतो. ते काम त्या फटीतच बसलेले एक एन्झाइम करते.

निरोप रसायनाने जातो, ही गोष्ट १९२१ साली ऑस्ट्रियात ग्राट्स येथे ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवली. प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली होती. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत कागदावर खरडून ठेवलेले सकाळी त्यांचे त्यांनाच वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा कागदाच्या नादी न लागता ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपलेच अक्षर न लागणे हा अनुभव उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नवा नाही. नोबेल तेवढे राहून गेले.

आता सक्सिनिलकोलीनकडे. हे औषध म्हणजे ॲसिटिलकोलीनचेच दोन रेणू एकमेकांना जोडलेले. स्नायू त्याला खरा निरोप समजतो, क्षणभर थरथरतो आणि मग, तो निरोप पुसला जात नसल्यामुळे, सैल पडून राहतो. फटीतल्या एन्झाइमला हा जोडरेणू मोडता येत नाही. त्याला मोडणारे एन्झाइम वेगळे आहे. ते यकृतात तयार होते, रक्तात फिरत असते आणि त्याचे नाव ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. टोचलेल्या औषधाचा बहुतेक भाग ते वाटेतच मोडून टाकते, थोडा स्नायूपर्यंत पोहोचतो आणि तोही लवकरच ओसरतो. औषधाची मात्रा ठरवताना हे एन्झाइम प्रत्येकाच्या रक्तात असणार, हे गृहीत धरलेले असते. सरांच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतेच. सगळे औषध स्नायूंपर्यंत गेले आणि तेथेच ठाण मांडून बसले. करंगळीपर्यंत मेंदूचा निरोप येत होता, परंतु तेथला ग्राहक एका खोट्या निरोपाने आधीच अडवलेला होता.

एन्झाइम का नव्हते, याचे उत्तर तिसऱ्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी. पण साखळी तयार झाली म्हणजे प्रथिन तयार झाले असे नव्हे. तिची ठरलेली घडी पडावी लागते. रेणूला धरायची आणि मोडायची खाच त्या घडीमुळेच निर्माण होते. ब्युटिरिलकोलिनएस्टरेजच्या एका साखळीत ५७४ कड्या असतात आणि अशा चार साखळ्यांचा मिळून एक जुडगा होतो. जनुकातील एक अक्षर बदलले की ३०७व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन येते. प्रोलीन हे अमिनो आम्लांमधले आडमुठे; त्याची शाखा मागे वळून साखळीच्या कण्यालाच जोडलेली असते, त्यामुळे त्या ठिकाणी साखळी हवी तशी वळत नाही. बिघडलेल्या घड्या पेशी सहसा घराबाहेर जाऊ देत नाही, आतल्या आत मोडून टाकते. ५७३ कड्या जागच्या जागी आणि रक्तात एन्झाइमचे काम मोजण्याइतकेही नाही.

सोलापुरात बसून घडीचा विचार करताना चादर आठवणे साहजिक होते. आम्ही सरांना जॅकार्ड मागावरच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची उपमा देऊन पाहिली: पुठ्ठ्यात एक भोक चुकले की नक्षीत खोट येते, तसे. सरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "आमचे घराणे विणणाऱ्यांचे नव्हे, विकणाऱ्यांचे." पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांमुळे सोलापूरचे तेलुगू म्हणजे मागवाले, असे बाहेरच्यांना वाटते. सर आर्य वैश्य. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, अशा घरात ते वाढलेले. उपमा आम्ही मागे घेतली, पण त्यांचे उत्तर पुढच्या गोष्टीला उपयोगी पडले. विणणे आणि विकणे यांत एका अक्षराचेच अंतर, आणि तेवढ्यावर सोयरीक होत नाही.

भाषांतराला बसलो तेव्हा पहिल्याच ओळीत अडलो. एन्झाइमला पाठ्यपुस्तकात शब्द आहे 'विकर'. चांगला, सुटसुटीत, जुन्या 'वितंचका'पेक्षा सुखाचा. त्याप्रमाणे 'या व्यक्तीच्या रक्तात अमुक विकर नाही' असे वाक्य तयार झाले. मग आमच्यापैकी एकाने ते घाईतल्या माणसाच्या नजरेने मोठ्याने वाचले आणि वाचताना नकळत एक काना वाढला: 'अमुक विकार नाही'. अर्थ बरोबर उलटा. ज्या कागदाने माणूस वाचायचा, तोच कागद त्याला काही झालेले नाही म्हणून ग्वाही देऊ लागला. परिभाषेच्या वादात आम्ही आयुष्यभर मराठी शब्दाच्या बाजूने उभे राहिलो आहोत, पुढेही राहू. या चिठ्ठीत मात्र 'एन्झाइम' लिहिले.

दुसरी अडचण मूळ कागदातल्या विशेषणाची. ज्या जनुकातून एन्झाइमचे कामच उमटत नाही, त्याला शास्त्रज्ञ मूक जनुक म्हणतात. शब्द सुंदर आहे, म्हणून आम्हांला तो ठेवावासा वाटला, आणि सुंदर आहे एवढ्याच कारणाने काढला. त्याच्या जागी टिपणाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने 'दोष' लिहिले होते. तो शब्द तर आम्ही पहिल्यांदा खोडला. दोष म्हटला की तो कोणाचा तरी असतो: ग्रहाचा, कुळाचा, आईच्या माहेरचा. हे जनुक असलेला माणूस ऐंशी वर्षे ठणठणीत जगू शकतो. शरीराच्या रोजच्या व्यवहारात या एन्झाइमावाचून काही अडत नाही. अडते ते विशिष्ट औषध टोचले तरच. सर पंचावन्न वर्षांचे होईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता, आणि अपेंडिक्स शांत राहिले असते तर कधी लागलाही नसता.

अडचणीची आणखी एक जागा बाईंनी दाखवली, ती आमच्या जिल्ह्याच्या जवळची आहे. डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांत फवारली जाणारी काही कीटकनाशके नेमकी हीच एन्झाइमे निकामी करतात. विषबाधेचा संशय आला की डॉक्टर रक्तातले कोलिनएस्टरेज मोजतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतूनही आले. ज्याच्या रक्तात ते जन्मतःच नाही, त्याचा अहवाल विषबाधा नसतानाही विषबाधेसारखा दिसू शकतो.

जनुकाला जात नसते, असे आपण भाषणात म्हणतो. या जनुकाची गोष्ट मात्र जातीशिवाय सांगता येत नाही. औषधांना माणसे वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि तो रक्तातून उतरतो, हे टोरांटोच्या वर्नर कालो यांनी १९५०च्या दशकात याच एन्झाइमाच्या अभ्यासातून दाखवले. आंध्रातील वैश्यांमध्ये मूक जनुकाचे प्रमाण फार आहे, हे १९७९ साली प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांनी नेब्रास्काच्या ओक्साना लॉक्रिज आदींसह तीनशे सातव्या कडीतला प्रोलीन शोधून काढला. त्यांनी तपासलेल्या २२६ निरोगी वैश्य व्यक्तींपैकी नऊ जणांत एन्झाइमची क्रिया मुळीच आढळली नाही. म्हणजे शंभरात चार. युरोप-अमेरिकेत हेच प्रमाण लाखात एकाच्या आसपास. शंभरात चारांकडे जोडीतली दोन्ही जनुके अशी असतील, तर गणिताने सुमारे बत्तीस जण एकच जनुक बाळगणारे निघतात. हा आकडा कोइमतूरचा. सोलापूरच्या घरांना तो जसाच्या तसा लावू नये. पण अंदाज येतो.

इतके साचले कसे? २००९ साली डेव्हिड राइक यांनी हैदराबादच्या 'सीसीएमबी'तील थंगराज आणि लालजी सिंग यांच्यासमवेत 'नेचर'मध्ये जो लेख लिहिला, त्यात वैश्यांचा उल्लेख आहे. शंभराहून अधिक पिढ्यांपूर्वी थोड्याच पूर्वजांपासून हा समूह वाढला, आणि त्यानंतर बाहेरचे रक्त त्यात फारसे मिसळले नाही. त्या मूठभर पूर्वजांपैकी एखाद्याजवळ हे अक्षर असेल तर ते पुढे लाखोंच्या वाट्याला येणारच. समाजाची आपली कथाही आहे: वासवी कन्यका परमेश्वरीने राजा विष्णुवर्धनाची मागणी नाकारून पेनुगोंडा येथे अग्निप्रवेश केला, आणि ७१४ गोत्रांपैकी १०२ गोत्रांची कुटुंबे तिच्या बाजूने उभी राहिली. एका उत्साही विद्यार्थ्याने त्या १०२ गोत्रांचा आणि राइक यांच्या मूठभर पूर्वजांचा सांधा जुळवून दाखवला. आम्ही त्याला नाही म्हटले. श्रद्धेच्या कथेला प्रयोगशाळेची साक्ष लागत नाही, आणि प्रयोगशाळेने कथेचा आधार शोधू नये.

सरांच्या मातोश्रींचे म्हणणे वेगळे होते. आम्ही कधी सगोत्र लग्न केले नाही, मग हे आले कोठून, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. गोत्र टाळल्याने जवळचे नाते टळते. पण सगळा समाजच मुळात एका मोठ्या कुटुंबासारखा असेल, तर वेगळ्या गोत्रातला मुलगाही लांबचा भाऊच निघतो. जात हा विस्तारलेला आप्तसमूह आहे, असे इरावती कर्वे मांडत आल्या. आमच्या विद्यार्थ्यांना त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ठाऊक असतात. जातींच्या शरीरमापनाची आणि रक्ताची त्यांनी केलेली तपासणी अभ्यासक्रमात येत नाही. त्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी वाचलेल्या निबंधात जातीचे सारे मर्म सजातीय विवाहात आहे, असे मांडले होते. रक्ताची नळी हाती न घेता, केवळ विचाराने.

इथे एक मोह होतो, तो आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो. आंतरजातीय विवाहाचे आम्ही समर्थक आहोत. आमचा स्वतःचा तसाच आहे. परंतु त्या समर्थनाचा भार प्रोलीनच्या खांद्यावर टाकू नये. एक औषध टाळले की जे संकट टळते, त्याच्यासाठी कोणी जात ओलांडायची गरज नाही. जात ओलांडायची कारणे बाबासाहेबांनी दिली आहेत आणि ती पुरेशी आहेत. थॅलसेमियाची गोष्ट निराळी. तेथे दोघेही वाहक असले तर बाळाच्या आयुष्याचा प्रश्न असतो आणि लग्नाआधीच्या तपासणीला अर्थ असतो. इथे दोन वाहकांचे मूल, चारात एक या हिशेबाने, एन्झाइमावाचून जन्मले तरी निरोगीच असते. त्याच्या खिशात चिठ्ठी हवी, एवढेच.

चिठ्ठीत म्हणूनच जात लिहिली नाही. शेवटी उरलेला मजकूर असा होता:

"मला सक्सिनिलकोलीन (स्कोलीन) आणि मायवाक्युरियम ही औषधे देऊ नयेत. ती मोडणारे एन्झाइम माझ्या रक्तात नाही. दिल्यास श्वासाचे स्नायू काही तास चालणार नाहीत. तसे झाल्यास यंत्राने श्वास द्यावा आणि झोपेचे औषध थांबवू नये. मला ऐकू येत असेल."

शेवटचे वाक्य मूळ टिपणात नव्हते. ते सरांनी घालायला लावले. आम्ही 'रुग्णास श्रवणाची जाणीव राहू शकते' असे सुचवले होते. त्यांनी मान हलवली आणि स्वतः सांगितले, तसे आम्ही लिहून घेतले.

चिठ्ठीच्या प्रती सख्ख्या भावंडांना द्यायच्या होत्या, कारण भावंडांतही प्रत्येकी चारात एक ही शक्यता. धाकट्या भावाने रक्त तपासून घेतले. त्याच्यातही एन्झाइम नाही. एका बहिणीत निम्मे निघाले. लातूरला दिलेल्या दुसऱ्या बहिणीने तपासणीस साफ नकार दिला. तिच्या मुलीची बोलणी चालू होती. वाहक असण्याने मुलीच्या केसालाही धक्का लागत नाही, हे सरांनी फोनवर समजावले, नंतर लातूरला जाऊन समजावले. "तुम्हांला कळते, अण्णा," ती म्हणाली, "त्यांना कळेल का? उद्या म्हणतील, मामाला ऑपरेशनच्या टेबलावर काय झाले ते लपवून ठेवले." तिने चिठ्ठी घेतली नाही. तिचे भय वेडगळ म्हणण्याची आमची छाती झाली नाही. पत्रिका, रक्तगट, चष्म्याचा नंबर यांवरून मोडलेल्या सोयरिकी आम्हीही पाहिल्या आहेत.

चारच महिन्यांत तिच्या पित्ताशयात खडे निघाले आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली. सरांनी भाचीकडून रुग्णालयाचे नाव काढून घेतले, भूलतज्ज्ञांचा नंबर मिळवला आणि बहिणीला न विचारता त्यांना फोन करून सगळे सांगितले. त्यांनी रोक्युरोनियम वापरले. ते या एन्झाइमावर अवलंबून नसते. शस्त्रक्रिया सुरळीत झाली. बहिणीत एन्झाइम आहे की नाही, हे अर्थातच त्यावरून कळले नाही.

यावर आमच्या घरात दोन मते आहेत. एकाचे म्हणणे असे की सरांनी केले ते बरोबर केले. श्वास थांबलेल्या माणसाची संमती नंतर घेता येते. दुसऱ्याचे म्हणणे असे की तिच्या शरीराची गोष्ट तिच्या पाठीमागे परक्या माणसाला सांगण्याचा अधिकार भावालाही नाही. तिने नाही म्हटले होते, आणि ते विचार करून म्हटले होते. बहिणीला हे कधीतरी सांगावे का, असे सर आम्हांला विचारतात. भाचीचे लग्न मार्गशीर्षात झाले. मुलगा त्यांच्याच समाजातला, हैदराबादचा. चिठ्ठीची एक तेलुगू प्रत सरांनी करून घेतली आहे. ती त्यांच्या टेबलाच्या खणात आहे.